झाडलेली गोळी आणि न लिहिलेला सराव

दापोली तालुक्यात बुरोंडी येथे परशुरामाचा भव्य पुतळा आहे. परशुरामाने बाण सोडून समुद्राला मागे हटविले व कोकणची भूमी मिळविली, ही कथा या किनाऱ्यावरील मुलाला शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक झालेली असते. कथेत बाण आहे, बाण पडला ती सीमा आहे. परंतु त्या हाताने त्यापूर्वी किती बाण वाया घालविले असतील, याची दखल नाही. पुराणकथेकडून तशी अपेक्षा करण्याचेही कारण नाही. प्रश्न आहे तो आधुनिक इतिहासलेखनाचा. पिस्तुलाविषयी आपण मराठीत जे लिहिले, तेही या कथेच्याच वळणाने गेले आहे. नेम लागला की चुकला एवढेच आपण नोंदवितो. नेम ही दीर्घकाळ केलेल्या पुनरावृत्तीची निष्पत्ती असते, ही बाजू आपल्या लेखनात जवळजवळ नाही.

२२ जून १८९७ रोजी पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे याने जॅक्सनचा वध केला. कान्हेरे मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातलाच, खेड तालुक्यातला. २२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसन याच्यावर गोळ्या झाडल्या आणि हॉटसन बचावला. हे तीनही प्रसंग मराठी वाचकाला पाठ आहेत. मात्र एक साम्य सहसा लक्षात घेतले जात नाही: तिन्ही ठिकाणी अंतर अगदी थोडे होते. रँडच्या बग्गीवर मागून चढून गोळी झाडली गेली. नाट्यगृहात आणि महाविद्यालयातही लक्ष्य हाताच्या टप्प्यात होते. याला केवळ धाडस म्हणणे अपुरे आहे. ज्याला सराव मिळत नाही, त्याला अंतर कमी करावे लागते.

सराव का मिळत नव्हता, याचे उत्तर १८७८ च्या शस्त्रकायद्यात आहे. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील या कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरविले, हे आपण शिकतो आणि शिकवितो. परंतु कायद्याचा खोल परिणाम शस्त्रापेक्षा सरावावर झाला असे मला वाटते. शस्त्र एकदा लपवून आणता येते. १९०९ च्या प्रारंभी सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन याच्याबरोबर २० ब्राउनिंग पिस्तुले पाठविली, ती हिंदुस्थानात पोहोचली आणि नाशिकला त्यांतीलच एक वापरले गेले. सराव मात्र असा लपवून आणता येत नाही. त्याला मोजकी का होईना पण पुन्हा पुन्हा काडतुसे लागतात, मोकळी जागा लागते, आणि बाराचा आवाज गावभर जातो. चापेकरांनी तरुणांची शारीरिक व लष्करी कवायतीची मंडळी उभी केली होती, दामोदरपंतांच्या आत्मवृत्तात सैन्यात शिरण्याची धडपडही आहे. म्हणजे शिस्तबद्ध शिक्षणाची भूक होती. तिला चांदमारीचे दार बंद होते.

हे दार लंडनमध्ये उघडे होते, हा इतिहासातील विलक्षण उपरोध. मदनलाल धिंग्रा पंजाबी, पण वावर इंडिया हाउसमध्ये सावरकरांच्या सहवासात. त्याने कोल्ट पिस्तूल गॅमेजच्या दुकानातून उघडपणे विकत घेतले आणि टॉटनहॅम कोर्ट रोडवरील ९२ क्रमांकाच्या जागेतील नेमबाजीच्या गॅलरीत पैसे भरून सराव केला. गॅलरीच्या मालकाची साक्ष ओल्ड बेलीच्या कामकाजात आहे: सुमारे तीन महिने, आठवड्यातून दोन-तीनदा, दर खेपेस १२ गोळ्या. १ जुलै १९०९ च्या संध्याकाळीही तो येऊन गेला. १८ फुटांवरून १२ पैकी ११ गोळ्या कागदावर लागल्या. त्याच रात्री त्याने कर्झन वायली याला ठार केले. आपल्या क्रांतिकारकांच्या संदर्भात सरावाची इतकी तपशीलवार नोंद मला अन्यत्र आढळलेली नाही, आणि तीही लिहून ठेवली ती आरोप सिद्ध करण्यासाठी, सरकार पक्षाच्या बाजूने. चरित्रकारांनी त्या कागदात देशभक्तीचा निश्चय पाहिला. त्यातला विद्यार्थी त्यांना दिसला नाही.

पिस्तुलाच्या सरावाला स्वतंत्र शास्त्र म्हणून मांडण्याचे काम याच सुमारास अन्यत्र सुरू होत होते. शांघायच्या नगर पोलिसांत डब्ल्यू. ई. फेअरबेर्न याने स्थिर उभे राहून कागदी वर्तुळ भेदण्याची पद्धत निरुपयोगी ठरवून, अचानक, जवळून, अपुऱ्या उजेडात गोळी झाडण्याचे शिक्षण आखले. साइक्ससह लिहिलेले त्याचे पुस्तक १९४२ मध्ये प्रसिद्ध झाले. युद्धोत्तर काळात कॅलिफोर्नियात जेफ कूपर व त्याच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नाला स्पर्धेचे रूप दिले. १९७६ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया, मिझुरी येथे आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि ‘प्रॅक्टिकल शूटिंग’ हा खेळ ठरला. त्याचे ब्रीद तीन लॅटिन शब्दांचे: अचूकता, शक्ती, वेग. गुणांना लागलेल्या वेळाने भागायचे, म्हणजे नेम आणि घाई यांचा हिशेब एकाच अपूर्णांकात.

या खेळाने आपल्या सरावपाठांना नावे दिली, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाला महत्त्वाची वाटावी. कूपरचा ‘एल प्रेसिदेंते’ पाठ घ्या. तीन लक्ष्यांकडे पाठ करून उभे राहायचे. इशारा होताच वळून पिस्तूल काढायचे, प्रत्येक लक्ष्यावर दोन गोळ्या, मग मॅगझिन बदलून पुन्हा दोन-दोन. एकूण १२ गोळ्या. मूळची अपेक्षित मर्यादा १० सेकंदांची. (धिंग्राच्याही दर खेपेच्या गोळ्या बाराच, योगायोगापलीकडे त्यात काही शोधू नये.) रागदारीतील पलट्याप्रमाणे हा पाठ मोडून पाहता येतो: केवळ वळणे, केवळ मॅगझिन बदलणे, केवळ एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर दृष्टी नेणे. यातील बराच भाग काडतुसाविना, रिकाम्या पिस्तुलावर करायचा असतो. चाप ओढताना माशी हलली की नाही एवढेच पाहायचे.

आपल्याकडे मल्लखांबाच्या, कुस्तीच्या तालमीला समृद्ध परिभाषा आहे. एकेका पकडीला नाव आहे. पिस्तुलाच्या बाबतीत मात्र घोडा, चाप, माशी, बार, चांदमारी येथे आपला कोश संपतो. वस्तूंची नावे आहेत, क्रियांची नाहीत. सरावच नसेल तर त्याची भाषा कोठून येणार? स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्रकायदा आला, तोही परवान्यावरच उभा आहे. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली व नेमबाजी रुजली ती मुख्यतः ऑलिंपिक प्रकारांच्या रूपाने; पळत, वळत गोळी झाडण्याचा खेळ त्यात बसत नव्हता.

तरीही त्याचा एक दूरचा नातलग या चौकटीत आहे: महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकाराचा शीघ्र टप्पा. हात ४५ अंशांत खाली. लक्ष्य तीन सेकंद दिसते, तेवढ्यात हात उचलून एकच गोळी. मग सात सेकंदांची विश्रांती. असे पाच वेळा, आणि अशा सहा फेऱ्या. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१३ मध्ये चांगवनच्या विश्वचषकात या प्रकारात सुवर्णपदक मिळविले. २२ ऑगस्ट २०१८ रोजी पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत अंतिम फेरीअखेर ती आणि थायलंडची नेमबाज ३४ गुणांवर बरोबरीत होत्या. पहिल्या शूट-ऑफमध्ये पुन्हा बरोबरी झाली. दुसऱ्यात राहीने तीन लक्ष्ये साधली, प्रतिस्पर्ध्याने दोन. दुसऱ्या दिवशीच्या वार्तांकनात सुवर्णपदक होते, पहिली भारतीय महिला असल्याचा यथोचित गौरव होता. तो हात त्यापूर्वी किती हजार वेळा ४५ अंशांतून वर आला, याचा आकडा कोणी विचारला नव्हता.