कळ दाबण्याआधीची यादी

फंक्शनल प्रोग्रामिंगमधील फंक्शन हे गणितातील फलासारखे असते, म्हणजे तेच मूल्य दिले की तेच उत्तर मिळते. कळफलकावरून अक्षर वाचणारी आज्ञा मात्र दर वेळी निराळे अक्षर आणते, आणि या एका विसंगतीने त्या पंथाच्या अभ्यासकांना दीर्घकाळ गुंतवून ठेवले.

1982 मध्ये पीटर हेंडरसन यांनी दाखवलेल्या वाटेने, वापरणारा आता आणि पुढे जे काही टंकेल ती एकच यादी मानावी आणि प्रोग्राम म्हणजे त्या यादीवरून पडद्यावरच्या मजकुराची यादी काढणारे फंक्शन समजावे, असा विचार रुजला. अजून टंकलेच न गेलेले अक्षर यादीत कसे, या शंकेचे उत्तर ‘लेझी’ मूल्यमापनात, म्हणजे गरज पडेपर्यंत कोणतेही मूल्य न काढण्याच्या पद्धतीत होते. कल्पना देखणी होती, पण फसवी. कारण प्रोग्रामने यादीचे पहिले अक्षर थोडे लवकर तपासले, तर ‘नाव सांगा’ हा प्रश्न नाव टंकून झाल्यावर पडद्यावर उमटे. त्यात टेलिप्रिंटरच्या काळापासूनच्या रीतीनुसार युनिक्स ही संगणक प्रणाली एंटर दाबेपर्यंत अख्खी ओळ स्वतःकडे राखून ठेवत असल्याने, एकाच कळीची वाट पाहणारा प्रोग्राम ताटकळत राही, तो दोष निराळाच.

हॅस्केल या फंक्शनल भाषेच्या 1990 च्या पहिल्या अहवालाने ‘डायलॉग’ आणला: प्रोग्राम विनंत्यांची यादी देई आणि उत्तरांची यादी घेई, मात्र विनंती करण्याआधीच उत्तराकडे पाहिले तर तो अडकून पडे. 1991 मध्ये मार्क जोन्स यांनी ऑक्सफर्डमध्ये गोफर हे हॅस्केलचे धाकटे भावंड घडवले, आणि पुणे विद्यापीठात अध्यापनासाठी त्यात फेरफार होऊन ‘प्यूगोफर’ तयार झाले. मराठी मुलखाचा या इतिहासाशी असलेला हा धागा फारसा कोणी सांगत नाही.

आदान-प्रदानाच्या मूळ पेचावरचा खरा तोडगा यूजेनियो मोगी यांच्या 1989 च्या गणिती मांडणीतून निघाला. फिलिप वॅडलर व सायमन पेटन जोन्स यांनी 1993 मध्ये तो आदान-प्रदानाला लावून दाखवला: फंक्शन अक्षर वाचत नाही, तर ‘अक्षर वाच’ अशी क्रियाच मूल्य म्हणून परत देते, आणि ‘मोनाड’ नावाची रचना अशा क्रियांना एकामागून एक गुंफते, त्यामुळे क्रम उघडपणे लिहावा लागतो. 1996 च्या हॅस्केल 1.3 ने हीच रीत प्रमाण मानली. तरीही अख्ख्या आदानाला एकच यादी मानणारे जुने ‘इंटरॅक्ट’ हे फंक्शन हॅस्केलच्या मूळ ग्रंथालयात आजही आहे.