इंदूरची बंदूक, गोव्याची बंदूक

१ जुलै १८५७ रोजी सादत खान आणि होळकरांचे सैनिक इंदूरच्या रेसिडेन्सीवर चालून गेले. कर्नल ड्युरँड सिहोरला निघून गेला. त्या वर्षाची धास्ती इंग्रजांच्या मनातून काही गेली नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती झाली, गोऱ्यांना मात्र सूट! त्यात गुन्हेगारीची चिंता किती आणि बंडाची भीती किती, वाचकांनीच ठरवावे. १९३१ च्या कराची काँग्रेसने नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला तो उगाच नव्हे.

स्वराज्यात १९५९ चा कायदा आला, परवाना राहिलाच. २०१९ मध्ये तीनऐवजी दोनच बंदुकांची मर्यादा आली. मला ती मान्य आहे. पण इंदूरच्या आसपास धार, खरगोन, बडवानीत गावठी कट्टे घडतात. पिढीजात हत्यारे घडवणाऱ्या शिकलीगरांपैकी काही जण त्यात आहेत. दुसरा रोजगार कुणी दिला म्हणा! तो कट्टा विकत घेणारा परवाना कशाला मागेल?

आणि आमच्या गोव्यात निवडणूक आली की बागायतदाराला परवान्याची बंदूक ठाण्यात जमा करायला सांगतात. तोवर कुळागरात रानडुकरांचे राज्य.