शिवराईची पारख

मुळशी तालुक्यांत कोरीगड किंवा घनगड पाहावयास गेलेल्या मनुष्याच्या हातीं एखादा काळवंडलेला तांब्याचा तुकडा पडला आणि त्यावर ‘श्री राजा शिव’ हीं अक्षरें दिसलीं, कीं तो भक्तिभावानें म्हणतो, ‘महाराजांचें नाणें सांपडलें!’ ही भक्ति वंदनीय खरी. परंतु भक्ति आणि पारख या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि इतिहासास दुसरीची गरज अधिक आहे.

1674 सालीं रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या सुमारास सोन्याचा होन व तांब्याची शिवराई हीं नाणीं निघालीं. एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसरीस ‘छत्रपति’ आणि भोंवतीं ठिपक्यांचें वर्तुळ, असा हा ठसा. परंतु महाराजांच्या पश्चात् पेशवाई संपेपर्यंत, किंबहुना त्यानंतरही, तींच अक्षरें नाण्यांवर उठत राहिलीं. तात्पर्य, नाण्यावरील नांव तें पाडणाऱ्याचें असतेंच असें नाहीं. पुण्याच्या टांकसाळींतील अंकुशी रुपया पेशव्यांच्या अमलांतला. पण त्यावरील लेख फारसी आणि नांव दिल्लीच्या बादशहाचें!

मग काळ ओळखावा कसा? अक्षरांचें वळण पाहावें. ‘शिव’चें ‘सिव’ कोठें झालें व ‘पति’चें ‘पती’ कोठें, हें टिपावें. मध्यें दोन आडव्या रेघा असल्या, तर ती दुदांडी शिवराई, म्हणजे उत्तरकाळांतली, समजावी. वजन अवश्य करावें. मात्र हातानें पाडलेलीं हीं नाणीं तोळामाशांत सारखीं उतरत नाहींत, म्हणून एकट्या वजनावर निकाल देऊं नये.

बनावट नाणें बहुधा ओतीव असतें. त्याच्या कडेस सांध्याची रेघ, अंगावर बारीक छिद्रें आणि अक्षरांच्या कडा मेणासारख्या बोथट आढळतात. दोन नाण्यांवर खोंचा व झीज हुबेहूब एकाच जागीं दिसली, तर दोन्हींचा संशय घ्यावा. होन तर आज मोजकेच ज्ञात असल्यामुळें, स्वस्तांत मिळणाऱ्या होनापासून दूर राहणेंच शहाणपणाचें.

प्रतवारीची कला आपणांस नवी नाहीं. नाणीं पारखणारा तो पोतदार. आणि झिजल्या नाण्यावर सराफ कापी तो बट्टा. अब्रूला ‘बट्टा लागतो’ तो याच पेढीवरून आला. अमेरिकेंत शेल्डन या संग्राहकानें 1949 सालीं तेथील जुन्या तांब्याच्या सेंटांसाठीं 1 पासून 70 पर्यंत अंकांची श्रेणी बसविली, आणि पुढें ती तेथील सर्वच नाण्यांस लागूं झाली. झीज पाहूनच मोल ठरवावयाचें, हें तत्त्व तेथेंही तेंच. मात्र आमच्या घरोघरीं चिंच व राख लावून नाणें लख्ख करण्याची हौस आहे, ती घातक होय. शतकांनीं चढविलेला थर गेला, कीं अक्षरांच्या कडा झिजतात आणि खऱ्याखोट्याची एक साक्षही नाहींशी होते.

सर्वांत मोठी साक्ष स्थळाची. मुळशीच्या धरणाविरुद्ध 1921 सालीं सत्याग्रह झाला, तरीही गांवें पाण्याखालीं गेलींच. अशा घरांतून निघालेल्या नाण्याबरोबर गांवाचें नांव टिकलें, तर तें इतिहासाचें साधन. नाहीं तर केवळ तांबें. म्हणून नाणें घरचें असल्यास वडीलधाऱ्यांस विचारून त्याची हकीकत कागदावर लिहून ठेवावी. जमिनींत धन सांपडल्यास, दहा रुपयांहून अधिक किंमतीच्या ठेव्याची वर्दी कलेक्टरास देणें 1878 च्या कायद्यानें बंधनकारक आहे. पुण्यांत 1910 पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. शंका असेल तर जाणत्यांस विचारावें. आपली शिवराई महाराजांनंतर शंभर वर्षांनीं पाडलेली ठरली, तरी खिन्न होण्याचें कारण नाहीं. राजा गेल्यावरही ज्याचें नांव बाजारांत खणखणीत चाललें, त्या राजाची ती अधिकच मोठी ग्वाही नव्हे काय?