घरी आणायचं यंत्र: आधी अटी, मग खरेदी

आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या बऱ्याच ग्रामसंघांत आणि घरांतही सध्या एक विषय निघतो आहे. गटाचे हिशेब, मुलांचा अभ्यास, ऑनलाइन अर्ज, पापड-मसाल्याची लेबलं, या सगळ्यासाठी कॉम्प्युटर घ्यायचा आहे. काही ठिकाणी घेतलेला आहे, पण तो जुना झाला, आता बदला, असं सांगितलं जातं. दुकानात गेलं की मॉडेल सांगतात, किंमत सांगतात, हप्ता सांगतात. आपण काय विचारायचं, ते मात्र कुणी सांगत नाही. पैसा तर आपल्या बचतीचा आहे, दर महिन्याला शंभर-दोनशे करून जमवलेला. म्हणून आज थोडं इतिहासात जाऊ. बाईच्या घरात यंत्र आणायचं तर ते कसं असावं, याचा विचार आपल्या देशात फार पूर्वी झालेला आहे.

1929 साली अखिल भारतीय चरखा संघानं एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. चांगला चरखा तयार करून दाखवणाऱ्याला ते मिळणार होतं. त्या काळचे एक लाख! बक्षिसापेक्षा आपल्या कामाच्या आहेत त्याच्या अटी. चरखा हलका हवा, उचलून नेता यावा आणि खेड्यातल्या साध्या घरात हातानं किंवा पायानं चालवता यावा. बाईला फार कष्ट न पडता त्यावर सलग आठ तास काम करता यावं. आठ तासांत 12 ते 20 नंबरचं 16,000 फूट सूत निघावं. देशात बनवून किंमत 150 रुपयांच्या वर जाऊ नये. नीट निगा राखली तर तो 20 वर्षं चालावा, आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या शंभरात पाचपेक्षा जास्त नसावा. म्हणजे दीडशेच्या चरख्याला वर्षाला साडेसात रुपये.

या अटी पुन्हा वाचल्या की ध्यानात येतं, सुरुवात यंत्रापासून केलेली नाही, वापरणारीपासून केली आहे. ती कुठे बसणार, किती वेळ बसणार, मोडलं तर काय करणार, हे आधी ठरवलं. बक्षीस शेवटी कुणालाच मिळालं नाही. नवीन यंत्र आहे म्हणून अटी सैल केल्या नाहीत. पण शोध थांबला नाही. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना पेटीत मावणारा, काखेत धरून नेता येणारा चरखा आकाराला आला. तोच येरवडा चरखा. 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ आपल्या वर्ध्यात सुरू झाला, जमनालालजी बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत. तिथंच डिसेंबर 1938 मध्ये मगन संग्रहालय उघडलं. चरख्यांचे वेगवेगळे प्रकार तिथं आजही बघायला मिळतात. गटाची सहल काढायची असेल तर जरूर जा.

आता कॉम्प्युटरकडे येऊ. यात दोन गोष्टी असतात. एक दिसणारं मशीन, आणि दुसरी त्याच्या आतली ऑपरेटिंग सिस्टीम. ती मशीनची कारभारीण समजा. कुठलं काम कुणी करायचं, कागद कुठे ठेवायचा, प्रिंटरला कधी सांगायचं, हे सगळं तीच बघते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ही कारभारीण म्हणजे विंडोज. दुसरी आहे लिनक्स. फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं 1991 मध्ये ती सुरू केली, आणि पुढे जगभरच्या लोकांनी वाढवली. ती फुकट मिळते आणि कुणालाही वाटता येते. आपल्या सरकारच्या सी-डॅक संस्थेनंही 2007 मध्ये लिनक्सवरच ‘बॉस’ नावाची सिस्टीम काढली. केरळातल्या सरकारी शाळांचे कॉम्प्युटरही लिनक्सवर चालतात.

कॉम्प्युटर आपल्याकडे आला तेव्हा मोठी अडचण भाषेची होती. सी-डॅक 1988 मध्ये पुण्यात सुरू झालं, आणि भारतीय भाषा कॉम्प्युटरवर आणण्याचं मोठं काम तिथं झालं. तरी बरीच वर्षं प्रत्येक कंपनीचा मराठी फॉन्ट वेगळा असायचा. एका दुकानात टाइप केलेला ठराव दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की नुसती चिन्हं दिसायची. युनिकोडमुळे हे मिटलं, कारण त्यात प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. 1991 च्या पहिल्या युनिकोडमध्येच देवनागरी होती, पण ती आपल्या टेबलापर्यंत यायला खूप वर्षं गेली. 2001 मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली आणि गावोगावच्या मुली कॉम्प्युटर शिकल्या. त्याच वर्षी आलेल्या विंडोज एक्सपीत मराठीची सोय वेगळी सुरू करून घ्यावी लागायची. आज विंडोज असो की लिनक्स, दोन्हींत युनिकोड मराठी चालते. म्हणून गटाची कागदपत्रं युनिकोडमध्येच टाइप करा, म्हणजे पुढे मशीन बदललं तरी ती वाचता येतील.

आता जुनं मशीन बदलण्याची गोष्ट. मशीन बिघडलेलं नसतं, तरी बदला म्हणतात. कारण कारभारणीचं वय. एक्सपीची मदत कंपनीनं एप्रिल 2014 मध्ये बंद केली, विंडोज 7 ची जानेवारी 2020 मध्ये आणि विंडोज 10 ची 14 ऑक्टोबर 2025 ला. घरगुती वापरासाठी नाव नोंदवलं तर ऑक्टोबर 2026 पर्यंत मुदत ठेवली. मदत बंद म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही. पण नवीन व्हायरसपासून वाचवणारे अपडेट येत नाहीत, आणि अशा मशीनवर बँकेचं काम करणं धोक्याचं. विंडोज 11 ला किमान 4 जीबी रॅम आणि सुरक्षेची एक खास चिप लागते. साधारण 2018 च्या आधीच्या बऱ्याच मशीनवर ती रीतसर चढत नाही.

मग जुनं भंगारात टाकायचं का? लगेच नाही. टायपिंग, हिशेबाचे तक्ते, इंटरनेट, मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल, तर त्यावर लिनक्स टाकून ते आणखी काही वर्षं चालू शकतं. पण टॅली वापरायची असेल, तर ती विंडोजवरच चालते. अंगठ्याचं मशीन किंवा डिजिटल सहीचा डोंगल लावायचा असेल, तर तो लिनक्सवर चालतो का, हे आधी प्रत्यक्ष लावून बघा. काही बदलण्याआधी गटाच्या फाइली पेनड्राइव्हवर काढून ठेवा. आणि नवीन घेताना विंडोजची पावती मागा. आमच्या भागात एका गटाला दुकानदारानं बिनपरवान्याची विंडोज टाकून दिली होती. वर्षभरात ती पैसे मागू लागली, आणि तो खर्च गटावरच पडला.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत दुकानाचं कोटेशन वाचण्याआधी इतिवृत्ताच्या वहीत आपल्या अटी लिहा. हे मशीन कोण वापरणार? एकच शिकलेली मुलगी की आपण सगळ्या? तिचं लग्न होऊन ती गेली तर कोण बसणार? रोज कुठली कामं होणार? मराठी नीट टाइप होते का, ते दुकानातच करून बघितलं का? या सिस्टीमची मदत किती सालापर्यंत आहे? वीज गेली तर किती वेळ चालेल? दुरुस्तीला वर्ध्याला न्यावं लागेल की गावातच कुणी येईल? आणि चरख्याचा तो शंभरात पाचचा हिशेब इथंही लावा. 30,000 रुपयांच्या कॉम्प्युटरला वर्षाला दुरुस्तीचे 1,500 रुपये. तेवढे दरवर्षी बाजूला निघणार असतील तरच खरेदीचा ठराव करा, आणि त्या ठरावावर सगळ्यांच्या सह्या घ्या.