सलाम, सर्व्हे आणि बाळाच्या पापण्या

मंडळी, या शनिवारचा विषय तसा घरगुती आहे. पण तो आपल्याला इंदापूरच्या शेतांपासून थेट इंग्लंडमधल्या एका आजारी बाळाच्या पाळण्यापर्यंत नेणार आहे. तेव्हा चहा घेऊन निवांत बसा.

"बाळ लई डोळं मिचकावतंय." बारामती-इंदापूरकडच्या घरात हे वाक्य कुणी उच्चारलं की पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. आजी म्हणते दृष्ट लागली, मीठ-मोहऱ्या उतरून चुलीत टाका. शेजारच्या काकू म्हणतात काजळ घाला, डोळे थंड होतील. बाळ झोपेत हसलं किंवा दचकलं तर सटवाई खेळवते म्हणायचं. पुरुषमंडळी म्हणतात, काही नाही, उगाच काळजी करता. आणि आई? ती बघत बसते. आजचा लेख त्या बघत बसण्याबद्दल आहे.

आधी थोडं शरीरशास्त्र. मोठा माणूस मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या लववतो. तान्हं बाळ मिनिटाला दोनदासुद्धा नाही. म्हणून तर बाळ आपल्याकडे असं टक लावून बघतं की समोरच्यालाच अवघडायला होतं. पूर्वी लोक समजत की डोळा कोरडा पडतो म्हणून पापणी लवते. १९२७ साली पाँडर आणि केनेडी या दोघांनी मोजमाप करून दाखवलं की हवेतल्या ओलाव्याशी याचा फारसा संबंध नाही, मनाच्या अवस्थेशी आहे. म्हणजे पापण्यांचा ताल मेंदू धरतो. बाळाचा मेंदू अजून घडत असतो आणि वय वाढेल तसा हा आकडाही वाढत जातो.

आता यातली गंमत बघा. ज्या बाळाची पापणी एरवी लवतच नाही, त्याने सारखे डोळे मिचकावले तर ते आईला दिसणारच. यात आईचा भित्रेपणा कुठे आला? तिला रोजचा आकडा माहीत असतो आणि तो बदललेला तिला कळतो, इतकंच.

आता इतिहास. १८२०च्या दशकात पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या साहेबाने जमिनीची मोजणी केली आणि तीवरून सारा ठरवला. कागदावर हिशेब फार शास्त्रशुद्ध होता, प्रत्यक्षात लोकांना तो झेपेना. शेतं पडीक पडली, माणसं गाव सोडून गेली. मग १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी नव्याने काम सुरू केलं, आणि ते आपल्या इंदापूर तालुक्यातूनच. प्रत्येक शेताला नंबर, मातीची खोली किती, चुनखडी किती, वाळू किती, त्यावरून आण्यांत प्रत. १८३६ पासून ३० वर्षांसाठी दर ठरले. पुढे हीच पद्धत सगळ्या मुंबई इलाख्यात पसरली. आजही आपण सर्व्हे नंबर म्हणतो ना, त्याची सुरुवात इथली.

म्हणजे १८३६ साली इंदापूरच्या मातीची नोंद आण्या-आण्याने झाली होती. पण त्याच शेताच्या बांधावर झोळीत झोपलेल्या पोराला झटके येत असतील, तर त्याची नोंद कुठल्या दप्तरात? कुठल्याच नाही. ज्यातून सारा मिळतो तेच सरकार मोजतं. बाकीचं आईने मोजायचं, आणि ते तिच्याबरोबरच संपायचं.

यानंतर पाचच वर्षांनी, १८४१ साली, इंग्लंडमधल्या टनब्रिज गावच्या विल्यम वेस्ट नावाच्या डॉक्टरने 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाला एक पत्र लिहिलं. रोगी होता त्याचा स्वतःचा मुलगा, वय साधारण एक वर्ष. असा रोगी आपण दुसरा पाहिलेला नाही, कुणाला ठाऊक असेल तर कळवा, अशी त्यात विनंती होती.

सॉफ्टवेअरवाल्याने ते पत्र वाचलं तर तो आदराने उभा राहील. असा बग रिपोर्ट मी ऑफिसात क्वचित बघितलाय! बाळ जन्मतः सुदृढ होतं. चार महिन्यांचं असताना डोकं किंचित पुढे झुकायला लागलं. बापाला आधी ती बाळाची लकब वाटली. पुढे ते झुकणं वाढलं. डोकं गुडघ्यांकडे जायचं, लगेच सुटायचं, काही सेकंदांनी पुन्हा. एका वेळेला १० ते २० वेळा किंवा जास्तच, पण सगळं दोन-तीन मिनिटांत आटोपायचं. दिवसातून दोन-तीनदा किंवा अधिक. बाळ बसलेलं असो की आडवं. आणि सगळ्यात महत्त्वाची नोंद म्हणजे मुलाचा चुणचुणीतपणा गेला, हसणं गेलं, लक्ष देणं गेलं.

उपायही बापाने लिहून ठेवलेत. जळवा, रेचक, हिरड्यांना चीर, गरम पाण्याने अंघोळ, पारा, अफू. कशाचाच उपयोग नाही. आपल्या आजीचं मीठ-मोहऱ्या उतरणं निदान बाळाला अपाय तरी करत नव्हतं, असं वाटून जातं.

वेस्ट मुलाला घेऊन लंडनच्या बड्या डॉक्टरांकडे गेला. त्यातल्या सर चार्ल्स क्लार्कने एवढ्या मोठ्या प्रॅक्टिसमध्ये असे चारच रोगी पाहिले होते. त्याने या झटक्यांना नाव दिलं होतं, 'सलाम झटके'. हो, आपल्याकडचाच सलाम! कमरेत वाकून केलेल्या कुर्निसातासारखं बाळ झुकतं, म्हणून. शब्द मूळचा अरबी, पण इंग्रजांच्या तोंडी रुळला तो पूर्वेकडच्या व्यवहारातून. पुढे जर्मन डॉक्टरांनीही 'वीज-मान डोलावणं-सलाम' असं तिहेरी नाव करून तो शब्द तसाच ठेवला. दरबारात वाकणाऱ्या माणसाची आठवण साहेबाने अशी पाळण्यातल्या बाळाला चिकटवून दिली.

मग जवळजवळ शंभर वर्षं फारसं काही घडलं नाही. १९५२ साली गिब्ज दांपत्याने या बाळांच्या ईईजीवर दिसणाऱ्या गोंधळलेल्या लहरींना स्वतंत्र नाव दिलं. १९५८ मध्ये बेल्जियममधल्या डॉक्टरांना एसीटीएच या हार्मोनच्या इंजेक्शनांनी झटके थांबलेले दिसले. आज ती इंजेक्शनं, स्टेरॉइड आणि व्हिगाबॅट्रिन हे औषध हाताशी आहे. आजाराला आता वेस्ट सिंड्रोम म्हणतात. उपचार जितक्या लवकर, तितकी मुलाची वाढ वाचण्याची शक्यता जास्त. आणि नेमकं इथेच आपण मागे पडतो. भारतात पहिल्या झटक्यापासून योग्य उपचारांपर्यंत महिनोन् महिने जातात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

उशीर का होतो? कारण हे झटके सिनेमात दाखवतात तसे नसतात. तोंडाला फेस नाही, हातपाय झाडणं नाही. कधी नुसती मान डुलते, कधी डोळे वर जातात, कधी पापण्या फडफडतात. बघणारा म्हणतो पोटात कळ आली असेल, दचकलं असेल.

दुसरा आजार डोळ्याचाच, आणि तो जास्त फसवा. आपल्याकडे टपोऱ्या डोळ्यांच्या बाळाचं केवढं कौतुक! पण जन्मजात काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढतो, बाळाचा कोवळा डोळा फुग्यासारखा ताणतो आणि मोठा दिसायला लागतो. सोबत उजेड सहन न होणं, पाणी गळणं, डोळे घट्ट मिटून घेणं. बुबुळ धुरकट होतं. लोक म्हणतात काय सुंदर डोळे, आणि आत नजर चाललेली असते. हा आजार बऱ्याचदा आई आणि वडील दोघांकडून आलेल्या सदोष जनुकांमुळे होतो, म्हणून नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्या भागात जुनी. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात भारतातल्या अशा नातेसंबंधांची सविस्तर मांडणी केली आहे. यात कुणाला दोष द्यायचा नाही, पण डॉक्टरांनी विचारलं तर नातं लपवू नये. अमेरिकेत ओटो बार्कनने १९३०-४० च्या दशकांत शस्त्रक्रियेची नवी वाट दाखवली, त्याआधी यातली बहुतेक मुलं आंधळी व्हायची. आज वेळेत शस्त्रक्रिया झाली तर नजर वाचू शकते.

घाबरवायचा हेतू नाही हं. सारखे डोळे मिचकावणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांचं कारण साधं निघतं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ९९ मुलांच्या एका अभ्यासात सगळ्यात जास्त मुलांचा त्रास डोळ्याच्या पुढच्या भागाचा किंवा पापणीचा होता. त्याखालोखाल सवय, मग चष्म्याचा नंबर. तान्ह्या बाळात धूळ, आत वळलेली पापणी, अश्रूंची बंद नळी अशीही कारणं असतात. काजळ मात्र नकोच. बाजारातल्या काही काजळ-सुरम्यांत शिसं सापडलं आहे, आणि बोटाने घातलेलं काजळ जंतूही नेतं.

मग करायचं काय? वेस्टने केलं तेच. नोंद. आपल्याकडे तर फोन आहे. बाळ असं काही करायला लागलं की व्हिडिओ काढा, दोन्ही डोळे, मान आणि हात दिसतील असा. किती वाजता, किती वेळा, झोपेतून उठल्या उठल्या का, दूध पिताना का, उजेडात का, ते लिहून ठेवा. मिचकावणं एकामागून एक लाटेसारखं येत असेल, त्यात मान झुकत असेल किंवा हात फेकले जात असतील, आधी हसणारं बाळ हसेनासं झालं असेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठा. डोळा मोठा, धुरकट किंवा सतत पाणावलेला असेल तर नेत्रतज्ज्ञ. दृष्ट काढायची तर काढा, पण गाडी काढल्यावर.

आता सोयही पूर्वीसारखी दूर राहिलेली नाही. आशाताई गावात असते, २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत मुलं तपासतात, २०१९ मध्ये बारामतीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पण या सगळ्या यंत्रणेला बाळ दिवसात काही मिनिटंच दिसणार. बाकी सारा वेळ त्याच्याकडे घरातलंच माणूस बघत असतं.

वेस्टचं नाव आजाराला मिळालं ते त्याने आजार बरा केला म्हणून नाही. त्याला ते जमलंच नाही. त्याने बघितलं, मोजलं आणि लिहून पाठवलं. इंदापुरात विंगेटची माणसं माती मोजत फिरत होती, तेव्हा तिथल्या कितीतरी आयांनीही हेच बघितलं आणि मोजलं असेल. फक्त त्यांचं लिहून घ्यायला कुणी नव्हतं. तेव्हा उद्या घरातली एखादी सून म्हणाली, "आत्या, बाळ डोळे फार मिचकावतंय हो," तर तिला गप्प करू नका. किती वेळा, असं विचारा.