थ्रेड : एक शब्द अपुरा, एक शब्द सैल — सायबर कायद्याच्या दोन खटल्यांचा इतिहास

१/ सन १९८८. हाउस ऑफ लॉर्ड्स, म्हणजे त्या काळचे ब्रिटनचे सर्वोच्च न्यायपीठ, एका विलक्षण खटल्याचा निकाल देत होते. दोघांनी परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकप्रणालीत प्रवेश केला होता, याविषयी वाद नव्हता. प्रश्न एवढाच होता : याला गुन्हा म्हणायचे ते कोणत्या कायद्याने?

२/ ती प्रणाली होती 'प्रेस्टेल'. ब्रिटनमध्ये १९७९ साली सुरू झालेल्या या सेवेत घरातील दूरचित्रवाणी संच टेलिफोनच्या तारेने मध्यवर्ती संगणकाशी जोडला जाई. पडद्यावर बातम्या वाचता येत, एकमेकांना निरोप पाठवता येत. इंटरनेट घरोघरी पोहोचण्यापूर्वीचा हा काळ. दाराला कुलूप एकच : ओळखक्रमांक आणि पासवर्ड.

३/ रॉबर्ट शिफ्रीन आणि स्टीव्हन गोल्ड या संगणकवेड्या जोडीने ते कुलूप उघडले. प्रणालीतील एका खात्याचा ओळखक्रमांक म्हणजे २ या आकड्यांची नुसती रांग होती आणि पासवर्ड होता १२३४! तेथून वाट काढत ते थेट राणीचे पती प्रिन्स फिलिप यांच्या टपालपेटीपर्यंत पोहोचले. १९८५ मध्ये दोघांना अटक झाली.

४/ आता अडचण सरकारी पक्षाची होती. संगणकात घुसखोरी करणे हा ब्रिटनमध्ये स्वतंत्र गुन्हाच नव्हता. म्हणून आधार घेतला गेला तो बनावट दस्तऐवजांविषयीच्या १९८१ च्या कायद्याचा. त्यात 'दस्तऐवज' या संज्ञेखाली कागदाबरोबर माहिती नोंदवणाऱ्या वा साठवणाऱ्या तबकड्या, फिती आणि इतर साधनेही येत. दुसऱ्याचा पासवर्ड टंकणे म्हणजे असा खोटा दस्तऐवज तयार करणे, असा युक्तिवाद झाला. १९८६ मध्ये दोघे दोषी ठरले. दंड : एकाला ७५० पौंड, दुसऱ्याला ६०० पौंड.

५/ अपिलात हा युक्तिवाद टिकला नाही. पडताळणी होईपर्यंत क्षणभर संगणकात राहून लगेच पुसले जाणारे आकडे 'नोंदवलेले' किंवा 'साठवलेले' कसे मानायचे? अपील न्यायालयाने १९८७ मध्ये शिक्षा रद्द केली आणि एप्रिल १९८८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ती भूमिका कायम ठेवली. दोघेही सुटले.

६/ या निकालामागे फौजदारी न्यायाचे एक जुने तत्त्व आहे. कायद्याने जे कृत्य आधीच गुन्हा म्हणून सांगितलेले नाही, त्याबद्दल कोणालाही शिक्षा देता येत नाही. कृत्य कितीही अनुचित वाटो, ते बसावे म्हणून कायद्याचे शब्द ताणण्याचा अधिकार न्यायाधीशाला नाही. अशा कृत्याला गुन्हा ठरवायचे असेल, तर ते काम संसदेचे, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

७/ संसदेने ते काम केले. १९८९ मध्ये विधी आयोगाने अहवाल दिला, खासदार मायकेल कॉल्व्हिन यांनी खासगी विधेयक मांडले आणि २९ ऑगस्ट १९९० पासून 'कॉम्प्युटर मिसयूज ॲक्ट' लागू झाला. त्याने तीन गुन्हे निश्चित केले : अनधिकृत प्रवेश, पुढील गुन्ह्याच्या हेतूने केलेला अनधिकृत प्रवेश आणि संगणकातील मजकुरात अनधिकृत फेरफार.

८/ भारतातील अडचणही याच जातीची होती. १८६० ची दंडसंहिता लिहिली गेली तेव्हा संगणकाची कल्पनाही नव्हती. १७ ऑक्टोबर २००० रोजी माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला. मुख्य हेतू इलेक्ट्रॉनिक व्यवहारांना मान्यता देण्याचा. पण त्याने दंडसंहितेतील दस्तऐवजांच्या गुन्ह्यांत 'इलेक्ट्रॉनिक अभिलेख' आणला आणि कलम ६६ खाली हॅकिंगसाठी तीन वर्षांपर्यंत कारावास ठेवला. लंडनमध्ये जो शब्द कमी पडला होता, तो येथे कायद्यातच आला.

९/ पुढे तोल दुसऱ्या बाजूला गेला. २००८ ची दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९ रोजी लागू झाली आणि तिच्याबरोबर कलम ६६-अ आले. 'अत्यंत आक्षेपार्ह' मजकूर पाठवणे, किंवा खोटी असल्याचे ठाऊक असलेली माहिती केवळ त्रास वा गैरसोय व्हावी म्हणून पाठवत राहणे, हा तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा ठरला. पण आक्षेपार्ह म्हणजे काय? त्रास म्हणजे किती? कायद्यात याची व्याख्या नव्हती.

१०/ नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर या बंदविषयी प्रश्न उपस्थित केला, तर दुसरीने त्या मजकुराला 'लाइक' केले. दोघींना अटक झाली. लावलेल्या कलमांत ६६-अ होते. पुढे प्रकरण मागे घेतले गेले. पण अटक तर होऊन गेली होती.

११/ या घटनेनंतर श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन यांच्या खंडपीठाने ६६-अ घटनाबाह्य ठरवून संपूर्ण रद्द केले. कलमाची भाषा इतकी संदिग्ध होती की काय लिहिले असता गुन्हा होतो, हे ना नागरिकाला कळत होते, ना पोलिसाला. असे कलम राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला घालते, असा हा निर्णय.

१२/ सायबर कायदा आणि प्रशासन यांच्या पदव्युत्तर अभ्यासकाने हे दोन्ही खटले शेजारी ठेवून वाचावेत. पहिल्यात कायद्याचा शब्द अपुरा होता, म्हणून घुसखोरी करणारे सुटले. दुसऱ्यात तो इतका सैल होता की साधे मतप्रदर्शन करणाऱ्यांना पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली. यंत्रे बदलत राहतात. कोणते कृत्य गुन्हा आणि कोणते नाही, ही रेघ मात्र शब्दांनीच ओढावी लागते.

१३/ आणि शब्द पुसला म्हणजे काम संपले, असेही नाही. रद्द झालेल्या ६६-अ खाली देशात गुन्हे नोंदवले जातच राहिले. २०२१ मध्ये ही बाब पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे आली आणि या कलमाखाली कोणावरही खटला चालवता येणार नाही, हे न्यायालयाला ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा एकदा बजावावे लागले. निकाल लागून तेव्हा सात वर्षे उलटली होती.