तीनशे पस्तीस, मोती आणि क्रांती : बियाण्यांच्या नावांचा इतिहास कसा वाचायचा?

जूनच्या पहिल्या आठवड्यात सोनपेठच्या एखाद्या कृषी सेवा केंद्रात तासभर उभे राहा. "तीनशे पस्तीस हाय का?" "सातशे सव्वीस कितीला?" एवढंच ऐकू येईल. सोयाबीन हा शब्दसुद्धा फारसा कुणी उच्चारत नाही. माझ्या संशोधनाची सुरुवात याच आकड्यांपासून झाली. नावांचा इतिहास लिहिताना आपण कुठे फसतो, तेही मला इथेच कळलं.

३३५ म्हणजे जेएस ३३५, जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचा वाण. ७२६ म्हणजे केडीएस ७२६. यातलं केडीएस हे सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रावरून आलं. राहुरीच्या विद्यापीठाने या वाणाला 'फुले संगम' असं छान नाव दिलं, पण गिऱ्हाईक आकडाच मागतं. म्हणजे एकाच वाणाची तीन नावं झाली : चाचणीतला संकेत, प्रसारणाच्या वेळचं नाव आणि बोलण्यातलं नाव. जुने अहवाल चाळताना तुम्ही यातलं एकच शोधलंत, तर अर्धी कागदपत्रं हातातून निसटलीच म्हणून समजा.

आता आपल्याच जिल्ह्यात येऊ. परभणीचं मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झालं. १९८०च्या दशकात तिथे भेंडीचा 'परभणी क्रांती' हा वाण तयार झाला. त्या काळी 'पुसा सावनी' ही भेंडी सगळीकडे होती, पण ती हळद्या रोगाला बळी पडू लागली होती. पांढऱ्या माशीने पसरणारा हा विषाणू पानांच्या शिरा पिवळ्या पाडतो आणि फळं फिकी, कडक होतात. परभणीच्या शास्त्रज्ञांनी पुसा सावनीचा संकर भेंडीच्या एका रानटी भाऊबंद प्रजातीशी केला आणि तिची रोगप्रतिकारकता नव्या वाणात आणली. काम खरंच क्रांतीचं होतं.

इथे माझी एक फजिती सांगतो. पहिल्या मसुद्यात मी बेधडक लिहिलं होतं की पुसा सावनी बिहारमधून आली. मार्गदर्शक सर हसले. पुसा हे बिहारमधलं गाव खरं, आणि शेती संशोधनाची मोठी संस्था १९०५ पासून तिथेच होती. पण १९३४च्या भूकंपानंतर संस्था दिल्लीला हलली आणि जाताना गावाचं नाव सोबत घेऊन गेली. पुसा सावनी दिल्लीत, १९५०च्या दशकात तयार झाली. नावात गाव दिसलं की त्याला लगेच जन्मगाव समजू नका. आपल्या विद्यापीठाचं नाव २०१३ साली बदलून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ झालं, तरी त्याचे सोयाबीनचे नवे वाण आजही जुन्या इंग्रजी आद्याक्षरांनीच, 'एमएयूएस' म्हणून येतात.

चांगलं नाव कोणतं, हा प्रश्न कायद्यालाही पडला होता. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ चं कलम १५ जरूर वाचा. नोंदणीसाठी आलेल्या नव्या वाणाचं नाव नुसतं आकड्यांचं चालत नाही. ते गुणांबद्दल किंवा किमतीबद्दल दिशाभूल करणारं नको, धार्मिक भावना दुखावणारं नको, आणि त्यात भौगोलिक नावही नको. मात्र तो वापर प्रामाणिक वाटला तर निबंधक भौगोलिक नावाला परवानगी देऊ शकतो. गंमत बघा, कायदा नुसत्या आकड्याला नाही म्हणतो आणि सोनपेठचा शेतकरी अक्षरं गाळून नुसता आकडाच ठेवतो!

मला स्वतःला 'परभणी मोती' हे ज्वारीचं नाव सगळ्यात प्रामाणिक वाटतं. दाणा मोत्यासारखा आहे की नाही, हे तळहातावर घेऊन कुणीही पाहू शकतं. २०१८ साली आलेल्या 'परभणी शक्ती'त लोह आणि जस्त जास्त आहे, पण ते डोळ्यांना दिसत नाही, प्रयोगशाळेवर विश्वास ठेवावा लागतो. 'क्रांती'ची अडचण आणखी वेगळी. पुढे विषाणू बदलत गेला आणि अनेक भागांत हा वाणही हळद्याला बळी पडू लागला. पिशवीवरचं नाव मात्र तेच राहिलं. गुण ओसरला तरी नाव ओसरत नाही. म्हणून एखादं नाव दिसलं की ते कोणत्या सालच्या कागदावर आहे, हे आधी टिपा.

हे सगळं फक्त प्रबंधापुरतं नाही. २०२०च्या खरिपात मराठवाड्यात ठिकठिकाणी सोयाबीन उगवलंच नाही, तक्रारींचा ढीग लागला. तक्रार केली की पावती, पिशवी आणि तिचं लेबल मागतात. वाण कोणता, लॉट नंबर कोणता? सोनपेठ तालुक्यातल्या एका शेतकरीकाकांनी मला जपून ठेवलेली पावती दाखवली. तिच्यावर लिहिलं होतं : 'सोयाबीन बॅग, २ नग'. वाणाचं नाव नाही, लॉट नंबर नाही. पिशवी कधीच फाटून गेलेली. "तीनशे पस्तीसच होतं, मी तोंडानं मागितलं होतं," असं ते सांगत होते. दुबार पेरणीचा खर्च त्यांनी स्वतःच सोसला.

तेव्हापासून माझ्या तक्त्यात प्रत्येक वाणापुढे चार रकाने असतात : संकेत, प्रसारित नाव, बोलीतलं नाव, पावतीवरचं नाव. चौथा रकाना बहुतेक वेळा रिकामा राहतो. तो भरायचा असेल तर दुकानदाराकडचं जुनं साठा रजिस्टर मागा. त्यात वाण आणि लॉट दोन्ही लिहिलेले असतात. फक्त जूनमध्ये जाऊ नका, तेव्हा त्यांना बोलायलाही फुरसत नसते. जानेवारीत जा.